कोणाला काय ठाऊक

14 जानेवारी 2019 रोजी झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’चा दुसरा भाग सुरू झाला, तेव्हा या गोष्टीचा शेवट प्रेक्षकांना आधीच माहीत होता. 2016 साली आलेल्या पहिल्या भागाची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूने झाली होती. मुलं, सुना कोकणातल्या जुन्या वाड्यात गोळा झाली, इस्टेटीचे विषय निघाले आणि घरात नको ते घडू लागलं. दुसरा भाग त्याच्याही मागे गेला. आता अण्णा जिवंत होते, माधव अभ्यंकरांच्या रूपात खळ्यात उभे होते. पहिल्या भागात जिचं नाव जुन्या पापासारखं निघत होतं, ती शेवंता अपूर्वा नेमळेकरांच्या रूपात समोर आली. या माणसांचं पुढे काय होणार, हे घराघरांत ठाऊक होतं. तरीही रात्री साडेदहाला लोक टीव्हीसमोर बसत राहिले. अण्णा आणि शेवंता ही नावं पानाच्या गादीपासून एसटीच्या सीटपर्यंत सगळीकडे ऐकू येऊ लागली, ती या दुसऱ्या भागामुळे.

शेवट फुटला की थरार संपतो, असं आपण धरून चालतो. त्यामुळे सिनेमा पाहून आलेल्याला आपण आधी गप्प करतो. हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा समजून घ्यायला सिंधुदुर्गाइतकी चांगली जागा नाही.

आधी तीन जवळचे प्रकार वेगळे करून ठेवू. रहस्यपट मागे बघतो: खून कोणी केला, कसा केला. थरारपट पुढे बघतो: आता काय होणार, हा वाचणार का. भयपटाला या दोन्ही प्रश्नांची तितकीशी गरज नसते, तो थेट अंगावर येतो. प्रत्यक्षात हे तिन्ही एकमेकांत मिसळलेले असतात आणि ‘रात्रीस खेळ चाले’त तर तिन्ही एका वाड्यात नांदत होते. पण तिघांचं भांडवल एकच असतं, माहिती. कुठली गोष्ट कोणाला कधी कळते, यावर सगळा खेळ चालतो. पात्राला ठाऊक आहे आणि प्रेक्षकाला नाही, तेव्हा रहस्य तयार होतं. प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि पात्राला नाही, तेव्हा थरार सुरू होतो. दोघांनाही एकाच क्षणी कळलं, तर उरतो नुसता दचका, आणि तो काही सेकंदांत विरून जातो.

हे सगळ्यांत सोप्या शब्दांत मांडलं आल्फ्रेड हिचकॉकने. 1962 मध्ये फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाने त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली आणि पुढे तिचं पुस्तक झालं. त्यात टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण येतं. माणसं टेबलाभोवती बसून साध्या गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट होतो. प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. आता तोच प्रसंग, पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलं आहे आणि भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत हेही त्याला दिसतं आहे. गप्पा त्याच, तितक्याच कंटाळवाण्या. पण आता प्रेक्षकाला ओरडून सांगावंसं वाटतं, की अरे, उठा तिथून. पंधरा सेकंदांच्या जागी पंधरा मिनिटं हाताला लागतात. वाढवलेलं काहीच नाही, फक्त एक गोष्ट आधी सांगितली आहे.

हिचकॉकचं हे सूत्र सिनेमाच्या शाळांत शिकवतात. मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या माणसाला ते कोणी शिकवावं लागलं नाही. तो लहानपणापासून धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, बघत आला आहे.

त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला गावोगावच्या जत्रा सुरू होतात. देवळाच्या आवारात रात्री उशिरा दशावताराला तोंड लागतं आणि उजाडेपर्यंत खेळ चालतो. सुरुवातीला आडदशावतार: गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव, आणि वेद पळवणारा काळ्या वेषातला संकासुर. मग मुख्य आख्यान. रंगमंचावर सामान म्हणावं तर एक लाकडी बाक; तोच सिंहासन, तोच डोंगर, तोच पलंग. पायपेटी, मृदंग, झांज. संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली असते आणि राजपार्टी, स्त्रीपार्टी, राक्षस करणारे नट जागच्या जागी बोलत जातात. कथा पुराणातली, म्हणजे समोर बसलेल्या आज्जीपासून मांडीवरच्या पोरापर्यंत सगळ्यांना शेवटापर्यंत पाठ.

भस्मासुराचं आख्यान घ्या. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होईल, असा वर राक्षसाला मिळालेला आहे. विष्णू मोहिनीचं रूप घेऊन येतो. ही मोहिनी कोण, हे देवळाच्या आवारात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एकट्या भस्मासुराला. मोहिनी नाचते, तो तिच्यासारखा नाचू लागतो. तिचा हात कमरेवर, याचा कमरेवर. तिचा खांद्यावर, याचा खांद्यावर. मुरलेली स्त्रीपार्टी इथे घाई करत नाही. हात डोक्याजवळ नेते आणि परत खाली आणते. पुन्हा नेते, पुन्हा खाली. मृदंगवाला तिच्या हाताकडे डोळे लावून ठेका ओढत राहतो. घोंगडीवर पेंगणारा म्हाताराही मान वर करतो. शेवट ठाऊक असल्यामुळेच हे सगळं रंगतं. इथे राक्षसाच्या डोक्यावरचा स्वतःचा हातच टेबलाखालचा बॉम्ब आहे, आणि तो किती वेळ लांबवायचा हे नटाच्या हाती आहे. चित्रपटात हे काम संकलक करतो. दशावतारात ते नट आणि मृदंगवाला मिळून, लोकांचा श्वास ऐकत, करतात.

सिनेमात हे कसं बांधतात ते बघायला मालवणच्याच किनाऱ्यावर एक प्रसंग रचून पाहू. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे मुखाशी वाळूचा दांडा आहे. पर्यटकांना तो ‘त्सुनामी आयलंड’ म्हणून दाखवतात. ओहोटीला वर येतो, भरतीला पाण्याखाली जातो. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास. म्हणजे निसर्गाने इथे घड्याळ लावूनच ठेवलं आहे.

समजा, दोन भाऊ जमिनीच्या हिश्शाचं बोलायला त्या दांड्यावर आले आहेत. घरात बोललं तर म्हातारी ऐकेल, म्हणून इथे. थोरल्याने होडीवाल्याला परत पाठवलं आहे. धाकट्याला वाटतं, तो तासाभराने येईल. येणार नाही, हे थोरल्याला ठाऊक आहे. आणि आपल्यालाही ठाऊक आहे, कारण होडीवाल्याला पैसे देताना आपण पाहिलं आहे. धाकट्याला पोहता येत नाही, हे आणखी आधी, जेवणाच्या वेळच्या एका चेष्टेत येऊन गेलं आहे. ही पेरणी. पेरताना तिच्यावर जोर द्यायचा नाही. प्रेक्षकाने ती चेष्टा म्हणून ऐकली पाहिजे आणि नंतर त्याची त्याला आठवली पाहिजे.

पहिला शॉट लांबून: आभाळ, पाणी, वाळूची पट्टी आणि तिच्यावर दोन ठिपके. पट्टी केवढी आहे हे एकदा नीट दाखवून ठेवायचं, नाहीतर ती लहान झालेली कळणार नाही. मग जवळून वाळूत रोवलेली एक काठी, बुंध्याशी पाणी. मग दोघांचं बोलणं. धाकटा म्हणतो, “दादा, सातबाऱ्यार माझां नाव खंय आसा?” थोरला हसतो, विषय शेतावर नेतो, आंब्याच्या कलमांवर नेतो. पुन्हा काठी, आता पाणी वीतभर वर. पात्रांपैकी कोणी तिकडे पाहिलेलं नाही. पुन्हा बोलणं, पण कॅमेरा आता थोडा जवळ आला आहे आणि मागची वाळू चौकटीतून गेली आहे. नंतर धाकट्याच्या चपला: एक कोरडी, एक भिजलेली. अजून तो बोलतोच आहे. काठीचा तिसरा शॉट मात्र द्यायचा नाही. प्रेक्षक त्याची वाट बघत असतो आणि तो मिळत नाही, म्हणून चौकटीबाहेर पाणी किती चढलं असेल हे तो स्वतः मोजू लागतो. त्याच्या मनात चढणारं पाणी कॅमेऱ्यातल्या पाण्यापेक्षा नेहमी जास्त भरतं. थरारपटाच्या संकलनातली ही सगळ्यांत मोलाची युक्ती आहे आणि नवखे संकलक नेमकी तीच विसरतात. ते काठी दाखवत राहतात.

या प्रसंगात एकही मोठा आवाज नाही, रक्त नाही, अंधार नाही. भर दुपारी, लखलखीत उन्हात, पर्यटकांच्या फोटोत असतं तशा निळ्या पाण्यात तो घडतो.

आता घराकडे वळू. ‘रात्रीस खेळ चाले’चा वाडा सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला. मालिकेने तो इतका प्रसिद्ध केला की लोक गाडी थांबवून तो बघायला जाऊ लागले. दिग्दर्शक राजू सावंत यांना त्या वाड्याने भिंतींबरोबर दृष्टीच्या रेषाही दिल्या. कोकणी घराची मांडणी एकामागे एक असते: खळं, पडवी, माजघर, मागे परस, बाजूला मांगर. खळ्यात उन्हाचा झोत, पडवीत सावली, माजघरात दुपारीही काळोख. कॅमेरा माजघरात ठेवून दारातून बाहेर पाहिलं, की बाहेरचा माणूस उजेडात आणि बघणारा काळोखात. कॅमेरा न हलवता, पार्श्वसंगीत न वाजवता, कोणीतरी लपून बघत आहे ही भावना तयार होते. थरारपटात दाराची चौकट, खिडकीचे गज, गडग्यावरून डोकावणारी नजर यांचा सारखा वापर होतो तो यासाठी. दृश्याच्या कडेला अडसर आला की आपण आपोआप चोरून बघणारे होतो, आणि ती चोरटी नजर कोणाची हे सांगणं दिग्दर्शक पुढे ढकलू शकतो.

माणूस आणि त्याच्या पाठीमागची जागा यांतलं अंतरही इथे बोलतं. लांब पल्ल्याच्या भिंगातून घेतलं तर मागून येणारा माणूस चालत राहतो पण जवळ आल्यासारखा वाटत नाही. प्रेक्षकाची घालमेल होते. रुंद भिंगातून घेतलं तर तोच माणूस दोन पावलांत अंगावर येतो. चिऱ्याच्या दोन गडग्यांमधली पाणंद ही या दोन्ही प्रयोगांसाठी जणू आखलेली जागा आहे. बाजूला पळायला वाट नाही, फक्त पुढे आणि मागे.

रात्रीचं चित्रण हा वेगळाच अभ्यास आहे. जुन्या चित्रपटांत पुष्कळदा दिवसाच चित्रण करून, उजेड कमी घेऊन आणि निळी छटा देऊन रात्र बनवत. आभाळ चौकटीत आलं की ती फसवणूक उघडी पडे. आताचे कॅमेरे थोड्या उजेडातही टिपतात, पण खरी अडचण वेगळीच असते: काळोख दाखवायचा तर कुठेतरी उजेड हवा. सगळंच काळं असेल तर प्रेक्षकाला नुसता बंद पडलेला पडदा दिसतो. म्हणून रात्रीच्या दृश्याआधी रस्त्यावर, अंगणात मुद्दाम पाणी मारतात. ओल्या जमिनीवर दिव्याची चकाकी येते आणि काळोखाला आकार मिळतो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हे काम पाऊस करतो. शिवाय इथली लाल माती निळ्या उजेडात जवळजवळ काळी दिसते. सारवलेलं खळं, ओला चिरा आणि माडाच्या उभ्या खोडांच्या रेघा एवढ्यावर छायाचित्रकार रात्र उभी करू शकतो. पाऊस त्याची किंमतही वसूल करतो. एका शॉटमध्ये धो धो आणि पुढच्यात कोरडं पान दिसलं तर सगळी भीती क्षणात ओसरते.

पण मला विचाराल तर किनाऱ्यावरचा थरार डोळ्यांपेक्षा कानांचा आहे. फ्रिट्स लांगच्या 1931 सालच्या ‘एम’ या जर्मन चित्रपटात खुनी दिसण्याआधी त्याची शीळ ऐकू येते, आणि शेवटी ती शीळच त्याला पकडून देते. ‘सायको’त (1960) न्हाणीघरातला खून पडद्यावर मिनिटभरही चालत नाही. त्याच्या चित्रणाला मात्र आठवडा लागला होता, आणि त्यात सुरी अंगात शिरताना जवळपास दिसतच नाही. आपण जे पाहिलं असं शपथेवर सांगतो, त्यातलं बरंचसं बर्नार्ड हर्मनच्या व्हायोलिनांनी आपल्याला ऐकवलेलं असतं. ‘जॉज’मध्ये (1975) स्पिलबर्गचा यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडे. त्यामुळे बराच वेळ शार्कऐवजी संगीताचे दोन सूर आणि पाण्यावर धावणारी पिंपं दाखवून भागवावं लागलं. चित्रपट त्यामुळेच इतका परिणामकारक झाला, असं स्पिलबर्गने स्वतः म्हटलं आहे.

मालवणच्या किनाऱ्यावर ध्वनिमुद्रकाला गाजेशी सामना करावा लागतो. समुद्राचा आवाज सतत असतो आणि त्यात सगळ्या उंचीचे स्वर मिसळलेले असतात. पावलाची चाहूल, कडीचा आवाज, दबलेला हुंदका असे बारीक आवाज तो गिळून टाकतो. संवाद पुष्कळदा नंतर स्टुडिओत पुन्हा बोलून घ्यावे लागतात. पण कथेच्या बाजूने पाहिलं तर हाच गुण आहे. जिथे ओरडलेलं ऐकू जात नाही, तिथे प्रेक्षक पात्रापेक्षा जास्त घाबरतो. समुद्रापासून आत, आकेरीसारख्या गावात, गाजेची जागा रातकिडे घेतात. त्यांचा एक स्वभाव ध्वनिसंयोजकांनी ओळखून ठेवलेला आहे: माणूस जवळ आला की ते गप्प होतात. गावातल्या माणसाला ही शांतता लगेच कळते. संगीताचा दणका देण्यापेक्षा रातकिड्यांचा आवाज हळूच काढून घेणं दहापट प्रभावी ठरतं. आपल्या मालिकांनी दणक्यावर फार भिस्त ठेवली, हे मात्र मला खटकतं. एकाच चेहऱ्यावर तीनदा झूम आणि तीनदा ढणढणाट झाला की चौथ्यांदा प्रेक्षक जेवणाचं ताट घ्यायला उठतो.

माहिती राखून ठेवण्याची सगळ्यांत सुंदर युक्ती ‘रात्रीस खेळ चाले’त पांडूच्या रूपाने आली. वाड्यातला गडी. त्याने बरंच काही पाहिलेलं आहे आणि विचारलं की तो सांगतो, “इसारलंय.” लोक हसले, त्या शब्दावर विनोद झाले. पण लेखनाच्या अंगाने बघा. रहस्यकथेत साक्षीदाराला गप्प ठेवण्यासाठी लेखकाला नाना खटपटी कराव्या लागतात: त्याला मारावं लागतं, पळवावं लागतं, किंवा बोलायला तोंड उघडताच दिवे घालवावे लागतात. पांडूला यातलं काहीच लागत नाही. तो समोर उभा आहे, बोलायला तयार आहे, प्रामाणिकही आहे, फक्त त्याला आठवत नाही. आणि आठवेल तेव्हा नेमकं काय आठवेल, याची टांगती तलवार सगळ्या घरावर राहते. ही भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखकांपैकी एक होते.

पांडूच्या समोरच्या टोकाला नीलिमा: विज्ञान मानणारी, प्रत्येक प्रकाराला कारण शोधणारी सून. गूढकथेत असं पात्र ठेवण्याचा रिवाज जुना आहे आणि तो सकारण आहे. प्रेक्षकाच्या मनातल्या शंका तिने आधीच बोलून दाखवल्या की त्याला बाहेर उभं राहून हसता येत नाही. शिवाय तिने एक कारण शोधून काढलं की तितकीच एक वाट बंद होते आणि उरलेल्या वाटा जास्त भयंकर वाटू लागतात. चुकीच्या माणसावर संशय नेण्याची युक्तीही अशीच. ती करताना लेखकाने एक गोष्ट पाळायला हवी: ज्याच्यावर खोटा संशय नेला, त्याच्या वागण्याला दुसरं खरं कारण हवं. तो रात्री मांगरात जातो ते खुनासाठी नसेल, पण काहीतरी लपवायला जात असला पाहिजे. नुसतंच दचकवण्यासाठी त्याला तिथे पाठवलं, तर ती प्रेक्षकाची फसवणूक होते आणि प्रेक्षक ती लक्षात ठेवतो.

इथे रोजच्या मालिकेची मोठी अडचण पुढे येते. थरारपटाला शेवटाची ओढ लागते. मालिकेला शेवट परवडत नाही. दोन तासांच्या चित्रपटात प्रश्न ताणायचा तो दोन तास. रोज रात्री, आठवडेच्या आठवडे, प्रत्येक भागाच्या टोकाला एक दार उघडायचं आणि दुसऱ्या दिवशी दारात मांजर निघायचं, असं किती दिवस चालणार? पहिला भाग साधारण आठ महिन्यांत आवरला. रोजच्या मालिकेच्या मानाने तो संयमच म्हणायला हवा. आणि दुसऱ्या भागात मागे जाण्याच्या निर्णयाने लेखकांची या कचाट्यातून सुटका झाली. शेवट ठरलेला असल्यामुळे रोज नवं रहस्य काढण्याची सक्ती राहिली नाही. हा माणूस त्या शेवटाकडे कसा जातो, एवढंच दाखवायचं होतं. अण्णांचा दरारा, लोभ, बाईच्या पायी होणारी घसरण आणि माजघरात सगळं ओळखून गप्प बसलेली माई. शकुंतला नरे यांच्या चेहऱ्यावरची ती जाणतेपणाची सावली मालिकेतल्या कुठल्याही भुतापेक्षा जास्त काळ लक्षात राहते.

पहिला भाग सुरू होताच सिंधुदुर्गातून आक्षेपही आले: मालिका अंधश्रद्धा पसरवते, कोकणाची बदनामी करते. हे आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. मुंबईहून येणारा लेखक कोकण म्हटलं की देवचार, करणी आणि बंद वाडा एवढंच घेऊन येत असेल, तर इथल्या माणसाने ते का सोसावं? मात्र त्याच मालिकेने मालवणी बोली रोज रात्री महाराष्ट्रभर नेली, हेही तितकंच खरं आहे. ‘वस्त्रहरण’ या नाटकाने मालवणीला हशा मिळवून दिला होता. या बोलीत भीती, धमकी आणि कपटही तितकंच पेलतं, हे या मालिकेने दाखवलं.

कोणाला काय ठाऊक, हा खेळ मराठी पडद्याला नवा नाही. राजा परांजप्यांच्या ‘पाठलाग’मध्ये (1964) चिपळूणच्या काशिनाथ घाणेकरांनी वकील उभा केला आहे. त्याची पत्नी वारलेली आहे. आणि कोर्टात आरोपी म्हणून उभी राहिलेली बाई हुबेहूब तिच्यासारखी दिसते. इतकंच नाही, तर नवराबायकोलाच ठाऊक असाव्यात अशा गोष्टी ती सांगते. मारामारी नाही, पाठलागही नावापुरताच, सगळा थरार एका प्रश्नावर तोललेला: हिला हे कसं ठाऊक? दोनच वर्षांनी ‘मेरा साया’ म्हणून तो हिंदीत गेला.

सिंधुदुर्गाची हद्द ओलांडली की गोवा, आणि निशिकांत कामत यांनी 2015 साली हिंदी ‘दृश्यम’ गोव्यात बसवला. जीतू जोसेफ यांच्या 2013 सालच्या मल्याळम चित्रपटावरून केलेला. त्यातला केबलवाला विजय साळगावकर चौथी नापास, पण सिनेमे बघून बघून हुशार झालेला. घरात काय घडलं ते प्रेक्षक पाहतो. मग हा माणूस गावभर फिरून बस कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरवाला यांच्या डोक्यात एक तारीख अशी पेरतो, की पुढे ते सगळे मनापासून खोटी साक्ष देतात आणि आपण खोटं बोलतो आहोत हे त्यांना कळतही नाही. प्रेक्षक गुन्ह्यात सामील होतो, पोलीस आले की त्याचाच घसा कोरडा पडतो. आणि एवढं सगळं सांगूनही दिग्दर्शकाने एक गोष्ट शेवटच्या क्षणापर्यंत मुठीत ठेवलेली असते. सांगणं आणि राखणं यांचा इतका चोख हिशेब हिंदीत क्वचित बघायला मिळतो.

या सगळ्या धाग्यांची गाठ पडली ती 12 सप्टेंबर 2025 रोजी प्रदर्शित झालेल्या सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’मध्ये. दिलीप प्रभावळकर तेव्हा 81 वर्षांचे होते. त्यांचा बाबुली मेस्त्री हा दशावतारातला म्हातारा कलावंत. डोळ्यांनी दिसेनासं होत चाललं आहे, तरी रंग लावल्याशिवाय राहवत नाही, आणि मुलाला वाटतं की आता बाबांनी थांबावं. पुढची कथा इथे सांगत नाही, कारण ती ज्याने पाहिली नाही त्याचा तो हक्क आहे. तंत्राबद्दल मात्र बोलायला हवं. नायकाची नजर मंद असणं हा थरारपटातला कसलेला डाव आहे. पुण्यात घडणाऱ्या श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’मध्ये (2018) तो आपण पाहिला. पण तिथे आंधळेपण हे सोंग आणि संशय यांचं साधन होतं. बाबुलीच्या बाबतीत कॅमेरा त्याच्या धूसर नजरेतून जग दाखवतो तेव्हा आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त दिसतं, आणि जंगल, गाव, देव यांच्याबद्दल त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. ज्ञानाचा तराजू दोन्ही बाजूंना झुकतो. दुसरं म्हणजे वेष. धयकाल्यात नट स्वतः आपला चेहरा रंगवतो आणि पहाटेपर्यंत देव किंवा दैत्य होतो. गावाला रंगामागचा माणूस ओळखीचा असतो, तरी तो देव म्हणून स्वीकारला जातो. चित्रपटाने हीच मान्यता थरारासाठी वापरली आहे. अलीकडे दशावतारी मंडळं जाहिरातीत ‘ट्रिकसीन’ असल्याचं ठळक छापतात. चित्रपटाला संगणकावरचे ट्रिकसीन सहज परवडले असते. त्याने भर दिला तो रंगवलेल्या चेहऱ्यावर आणि मशालीच्या उजेडावर, आणि तिथेच तो जिंकला. कथेच्या मुळाशी असलेला जंगल आणि खाण यांचा झगडाही उपरा नाही. दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावाने खाणीविरुद्ध दिलेला लढा सिंधुदुर्गात सगळ्यांना ठाऊक आहे. भुताची गरज न लागता कोकणात थरार उभा राहतो, याचा हा पुरावा आहे.

चिं. त्र्यं. खानोलकरांना ते साठ वर्षांपूर्वीच कळलं होतं. बागलांच्या राईत जन्मलेला हा लेखक. 1966 च्या ‘कोंडुरा’ कादंबरीत त्यांनी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या खडकाळ जागेचं नाव घेऊन माणसाच्या मनातला वर आणि शाप उभा केला. श्याम बेनेगल यांनी 1978 साली तिच्यावर चित्रपट केला, पण तो आंध्रातल्या गावात घडतो. अनंत नाग, स्मिता पाटील यांची कामं उत्तम आहेत. कोंडुऱ्याचा समुद्र मात्र त्यात नाही, आणि खानोलकरांच्या भीतीचा निम्मा भाग त्या समुद्रातच आहे.

म्हणून सिंधुदुर्गात कॅमेरा घेऊन येणाऱ्यांना एक सांगणं आहे. वाडा शोधत फिरण्याआधी त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या कुठल्याही जत्रेला जा, आडदशावतारापासून दहीकाल्यापर्यंत एक रात्र जमिनीवर बसून काढा आणि नटाकडे बघता बघता लोकांकडेही बघा. माहीत असलेल्या गोष्टीसाठी ते कधी श्वास रोखतात, याची नोंद ठेवा. मग खानोलकर वाचा. थरारपट लिहिण्याची तयारी तेवढ्यात होते; भिंगं आणि दिवे भाड्याने मिळतात.